साठीनंतरची पहिली कथा : सीमाभागातल्या नव्या कथाकारासाठी

चौतीस वर्षं मी बेळगावच्या उद्यमबागेत पॅटर्नमेकर म्हणून काम केलं. पंपाची बॉडी, मोटरचं कव्हर अशी कुठलीही वस्तू बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, करायची तर आधी तिचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून अलगद काढला की मागं पोकळी राहते आणि त्या पोकळीत वितळलेलं बीड ओततात. बीड थंड होताना आक्रसतं, मीटरला साधारण दहा मिलिमीटर. म्हणून नमुना हव्या त्या मापाहून मोठा करायचा. जिथं नंतर मशीनवर घासून काढायचं असेल, तिथं आणखी दोन-तीन मिलिमीटर जादा ठेवायचे. आमची पट्टीसुद्धा वेगळी असते, तिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा किंचित लांब असतो. कथालेखनातलं जे काही मला कळलंय, त्यातलं निम्मं मी या पट्टीपासून शिकलोय. ते पुढं येईलच.

अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. एकसष्टाव्या वर्षी पहिली कथा छापून आली, पासष्टाव्या वर्षी कथासंग्रह. तेव्हापासून माणसं घरी येतात. कुणी शिक्षक, कुणी मराठा रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून बाहेर पडलेले, कुणी सुना-नातवंडांतून आता कुठं मोकळ्या झालेल्या बाई. सगळ्यांचा प्रश्न एकच: "डोक्यात लई आहे ओ, पण या वयात आता जमतंय काय?" जमतं. पण काही गोष्टी कुठल्या क्रमानं कराव्यात हे कुणी सांगत नाही आणि चुकीच्या क्रमानं गेलं की माणूस दोन वर्षांत हात टेकतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी आत्मचरित्र बाजूला ठेवा

आपल्याकडं निवृत्त माणूस लिहायला बसला की पहिलं वाक्य ठरलेलं: 'माझा जन्म अमुक गावी एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला.' मग शाळा, नोकरी, लग्न, बढत्या, सत्कार. दीडशे पानं होतात आणि एकसष्टीच्या समारंभात वाटली जातात. घरच्यांसाठी त्याचं मोल आहे, ते मी कमी लेखत नाही. पण ती कथा नव्हे. कथेत आयुष्य सांगायचं नसतं. आयुष्यातला एखादा तास उघडून दाखवायचा असतो आणि त्या तासात माणूस आपला नसून बनवलेला असला तरी चालतो, किंबहुना तो बनवलेलाच बरा. स्वतःबद्दल लिहिताना आपण नकळत स्वतःची बाजू घेतो. पात्र बनवलं की त्याला चूक करू देता येते.

म्हणून सुरुवात एका वहीनं करा. दोनशे पानी, साधी. चाळीस दिवस रोज एकच नोंद, आठ-दहा ओळींची. नोंद अशा गोष्टीची, जी तुमच्या हाताला, नाकाला किंवा कानाला ठाऊक आहे आणि शेजारच्याला नाही. तुम्ही शहापूर-वडगावात मागावर बसला असाल तर धागा तुटल्यावर आवाजात काय बदल होतो ते लिहा. निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम केलं असेल तर संध्याकाळी घरी गेल्यावर लेकरू जवळ का येत नव्हतं ते लिहा. खानापूरकडं कौलांच्या कारखान्यात होता? भट्टी उघडल्यावर पहिलं कौल वाजवून बघणारा माणूस कोण होता? येळ्ळूरच्या शिवारात बासमती पिकवलीत? मग भात पोटरीला आल्यावर बांधावर सुटणारा वास शब्दांत पकडा. 'सुगंध दरवळत होता' असं लिहिलंत तर ती नोंद खोडा आणि पुन्हा लिहा.

माझ्या वहीतली बारावी नोंद एका पटाशीची, म्हणजे लाकूड तासायच्या छिन्नीची होती. तिचीच पुढं पहिली कथा झाली.

चाळीस नोंदी झाल्या की पुन्हा वाचा. तीन-चार नोंदी अशा सापडतील की ज्या लिहिताना तुम्ही मध्येच थांबला होता, कारण पुढचं लिहायला अवघड वाटलं. त्यांच्यावर लाल खूण करा. कथा तिथंच आहेत.

वाचन, पण लेखकाच्या डोळ्यांनी

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे. इतकी जुनी सोय हाताशी असून आपण तिथं फक्त पेपर वाचायला जातो. सभासद व्हा आणि वर्षभर कथासंग्रहच घ्या.

दोन लेखक आपल्या मातीतले म्हणून आवर्जून वाचा. एक प्रकाश नारायण संत. त्यांनी तरुणपणी लंपन नावाच्या शाळकरी मुलाच्या काही कथा लिहिल्या, मग बराच काळ लेखणी बाजूला ठेवली. कराडला भूगर्भशास्त्र शिकवलं. 'वनवास' हा पहिला संग्रह १९९४ साली आला, तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या बरंच पुढं गेलं होतं. आपल्या भागातली कन्नडमिश्रित बोली, सायकली, शाळा, संध्याकाळ, सगळं त्यात जसंच्या तसं आहे. दुसरे निपाणीचे महादेव मोरे. ते पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले आणि तंबाखू कामगार, ड्रायव्हर, गॅरेजमधली पोरं यांना त्यांनी कथा-कादंबऱ्यांत आणलं. दळण टाकायला आलेल्या माणसांचं बोलणं ज्याच्या कानावर दिवसभर पडतं, त्याला संवाद शोधायला कुठं जावं लागत नाही.

वाचायचं कसं? आवडलेल्या कथेचं एक पान हातानं उतरवून काढा. मग बघा: संवाद किती ओळी, वर्णन किती? पहिल्या पानावर कितवं वाक्य आल्यावर तुम्हाला कळलं की काहीतरी बिनसलंय? उतरवताना हात थांबतो तिथं लेखकाची कारागिरी असते. आम्ही पॅटर्न शिकलो ते असेच, उस्तादाचा नमुना समोर ठेवून आणि मोजून.

तास आणि जागा

निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो हे खरं नाही. बँकेत जायचं, नातवाला शाळेतून आणायचं, लग्नं, बारशी, दहावे, तेरावे. ज्याला वेळ आहे त्याला सगळे कामं सांगतात. मी पहाटे पाच ते सहा हा तास धरला. दूधवाला येईपर्यंत. घरात सांगून टाकलं की या तासात मी कामावर आहे.

बायकांची अडचण वेगळी आणि जास्त खरी. साठी गाठलेल्या बाईला घरात स्वतःचं टेबल नसतं, कपाटात स्वतःचा कप्पा नसतो. आमच्या गल्लीतल्या एक अक्का कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायच्या, भाजी चिरता चिरता. मी त्यांना एवढंच सुचवलं की दुपारी अडीच ते साडेतीन ग्रंथालयात जाऊन बसा. तिथं कुणी "चहा ठेवतेस काय गे?" म्हणून विचारत नाही. सहा महिन्यांत त्यांच्या तीन कथा झाल्या. जागा बदलली की बाई लेखक म्हणून बसते, घरची म्हणून नाही.

डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू पुढं ढकलत राहू नका. हात थरथरत असेल तर फोनवर बोलून लिहिता येतं, त्याबद्दल खाली सांगतो.

पहिली कथा: एक जागा, एक दिवस, दोन माणसं

पहिलीच उडी कादंबरीची मारू नका. कादंबरीला दोन-तीन वर्षं लागतात आणि सुरुवातीच्या चुका तिच्या तीनशे पानांत पसरतात. कथेत त्याच चुका आठ पानांत दिसतात आणि दुरुस्त होतात. पहिली कथा दीड ते अडीच हजार शब्दांची ठेवा. एकच जागा. सकाळ ते रात्र एवढाच काळ. माणसं दोन, फार तर तीन. त्यांतल्या एकाला काहीतरी हवंय आणि दुसऱ्यामुळं ते मिळत नाही.

माझ्या पहिल्या कथेचा पहिला खर्डा असा होता:

'रामा पाटील हा अत्यंत कष्टाळू व प्रामाणिक कामगार होता. तीस वर्षे इमानेइतबारे सेवा करून तो आज निवृत्त होत होता. त्याचे मन भरून आले होते. ज्या कारखान्याने त्याला सर्व काही दिले, तो सोडताना त्याच्या डोळ्यांत अश्रू तरळले.'

यात खोटं काही नाही, पण हा रामा कुठल्याही गावातल्या कुठल्याही कचेरीतला असू शकतो. मग मी वहीतली बारावी नोंद उघडली. चौथ्या खर्ड्यात ते असं झालं:

'रामानं पटाशीला शेवटची धार लावली. अंगठ्याच्या नखावर टेकवून बघितली, सरकली नाही. तेलाचा बोळा फिरवला. मुठीवर त्याच्या आधीच्या उस्तादाच्या बोटांचा खळगा होता, त्याच खळग्यात त्याची बोटं तीस वर्षं बसली होती. नवीन आलेलं पोरगं बाहेर फोनवर होतं. रामानं कपाट थोडं पुढं ओढलं, पटाशी कापडात गुंडाळून मागच्या भिंतीच्या फटीत सारली आणि कपाट पुन्हा जाग्यावर लोटलं.'

कष्टाळू, प्रामाणिक, मन भरून येणं यांतला एकही शब्द आता उरलेला नाही. उलट रामानं एक लबाडी केली, कारखान्याची वस्तू लपवली. कथा त्या लबाडीपासून सुरू झाली, कारण दुसऱ्या दिवशी त्या पोराला पटाशी लागणार होती.

असं स्वतःचं एक पान घेऊन बसा. स्वभाव सांगणारी सगळी विशेषणं पेन्सिलीनं गोल करा आणि प्रत्येकाच्या जागी त्या माणसानं हातानं केलेली एक गोष्ट लिहा. हा एक व्यायाम महिनाभर केला तरी लिखाण बदलतं.

भाषा: आपली बोली लाजायची नाही आणि मिरवायचीही नाही

नव्या लेखकाची सीमाभागात सगळ्यात जास्त अडखळण इथं होते. शाळेत शिकवलेली पुस्तकी मराठी एकीकडं आणि घरातली दुसरीकडं. आपल्याकडं बाई दारातून "येतो गे, मावशी" म्हणते. पुण्याच्या वाचकाला ते चुकीचं वाटेल म्हणून बरेच जण "येते हं" करून टाकतात. तिथंच ती बाई मरते, कारण तसं बोलणारी बाई त्या गल्लीत कधी राहिलेलीच नसते.

मी नियम केलाय तो असा: निवेदन साध्या प्रमाण मराठीत, संवाद ज्याचा त्याच्या बोलीत. निवेदकच बोलीत सांगत असेल तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलीतच सांगू दे, मध्येच पुस्तकी होऊ नये. आणि बोली म्हणजे प्रत्येक शब्द वाकडा लिहिणं नव्हे. एका वाक्यात एखादा 'की', एखादा 'गा', क्रियापदाचं आपलं रूप, एवढ्यानं आवाज उभा राहतो. "काय करूलास गा?" "काय नाही की, बसलोय." एवढ्यात माणूस कुठला ते कळतं. शेजाऱ्याशी तो असा बोलेल, पण मुलीच्या सासऱ्यांपुढं बसल्यावर त्याच माणसाच्या तोंडी 'आपण', 'बसावं' येईल. कोण कुणाला अरे-तुरे करतं, कोण अहो-जाहो, हे पात्रांच्या यादीत आधीच लिहून ठेवा. त्यात चूक झाली तर आपल्याकडचा वाचक ताबडतोब पकडतो.

कन्नड वाक्यांचं काय? बाजारात, बसमध्ये, कचेरीत आपली पात्रं कन्नड बोलणारच. ते गाळलं तर गाव खोटं होतं. देवनागरीत सरळ लिहा, कंसात अर्थ देऊ नका, उत्तरातून अर्थ कळू द्या. "हेंग अदीरी, काका?" मास्तरांनी विचारलं. "बरं आहे की. गुडघा तेवढा बोलतोय." वाचकाला कन्नड येत नसलं तरी काही अडलं नाही. कन्नड मात्र जाणकाराकडून तपासून घ्या. चुकीचं कन्नड लिहिणं हा त्या भाषेचा अपमान आहे आणि आपण रोज तिच्या शेजारी राहतो.

शुद्धलेखनाची धास्ती घेऊ नका, पण हेळसांडही नको. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे अठरा नियम छोट्या पुस्तिकेत मिळतात, ते दोनदा वाचून काढा. पहिला खर्डा लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाकडं बघू नका. शेवटच्या खर्ड्यात बघा.

सीमाप्रश्न कथेत कसा आणायचा

१९४६ साली बेळगावला ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं आणि तिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पुढं १९५६ साली राज्यपुनर्रचनेत आपण म्हैसूर राज्यात गेलो. म्हणजे आपल्याकडं साहित्य आणि सीमाप्रश्न एकाच मांडवात वाढले. साठी-सत्तरीतल्या माणसानं १९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन डोळ्यांनी बघितलंय, कुणी लाठ्या खाल्ल्यात, कुणी तुरुंगात गेलंय. त्यामुळं कथा लिहायला बसलं की पात्रं भाषण करायला लागतात. मला त्या भाषणांबद्दल आदर आहे, मीही मोर्चात चाललोय. पण कथेत भाषण आलं की वाचक मनातल्या मनात पान उलटतो.

प्रश्नाच्या सगळ्यात लहान टोकाला धरा. खानापूर तालुक्यातली एक आजी रेशन कार्ड हातात घेऊन उभी आहे आणि त्यावर छापलेलं स्वतःचं नाव तिला वाचता येत नाही. मागं रांगेत उभी असलेली कन्नड शाळेतली नात ते वाचून दाखवते आणि आजीच्या नावाचा उच्चार चुकवते. बस्स. यात कुणी घोषणा दिली नाही, तरी सत्तर वर्षं त्यात आली. आणि दुकानदार कन्नड असेल तर त्याला राक्षस करू नका. तो त्या दिवशी घरी काय खाऊन आलाय, त्याची मुलगी कुठं दिली आहे, हेही ठाऊक असू द्या. एका बाजूची माणसं कागदी झाली की आपली बाजूही कागदी होते.

खऱ्या माणसांबद्दल थोडं. नाव बदललं म्हणजे झालं असं नाही. गल्ली, धंदा, लंगडा पाय आणि भावाशी कोर्टात चाललेला दावा तसाच ठेवला तर सारं गाव ओळखतं. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या घरच्या लेकी-सुनांना त्याच गल्लीत राहायचंय. तीन माणसांचं मिळून एक पात्र करा. ते एकापेक्षा जास्त खरं वाटतं.

आक्रसण्याची जागा ठेवा

आता ती पट्टी. पहिला खर्डा हव्या त्या लांबीपेक्षा मोठा लिहा. अडीच हजारांची कथा हवी असेल तर सव्वातीन हजार शब्द लिहा. सुचेल ते येऊ द्या, पुनरुक्तीसुद्धा. मग कागद तीन आठवडे बाजूला ठेवा. गरम बीड कधी मोजायचं नसतं. साच्यातून काढलेली वस्तू निवल्यावरच तिच्यातली पोकळी दिसते.

तीन आठवड्यांनी मोठ्यानं वाचा आणि फोनवर रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून ऐका. जिथं तुमचं लक्ष उडतं, तिथं खूण करा. बहुतेक वेळा तो पहिला परिच्छेद असतो, कारण आपण विषयात शिरायला वेळ घेतो, आणि शेवटचा, कारण आपल्याला बोध सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या अनुभवात पहिला काढून दुसऱ्यापासून सुरू केली की दहातल्या सात कथा सुधारल्या. शेवट तर हमखास दोन परिच्छेद आधीच झालेला असतो.

वाचून दाखवायचं कुणाला? बायकोला किंवा नवऱ्याला नको. त्यांना ती घटना ठाऊक असते, ते घटनेवर बोलतात. दोन माणसं शोधा: एक तुमच्या धंद्यातला, जो तपशिलाची चूक पकडेल, आणि एक भरपूर वाचणारा, जो कंटाळा आला तर तोंडावर सांगेल. "कशी वाटली?" असं विचारू नका. "कुठं थांबावंसं वाटलं?" हे विचारा.

टाइप करणं

हे थोडक्यात. संपादक आता हस्तलिखित क्वचितच घेतात. फोनच्या सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड जोडून घ्या. हिंदीचा वापरला तर 'ळ' आणि 'ॲ' शोधत बसावं लागतं. गूगलच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. बोलीतले शब्द त्याला कळत नाहीत, ते नंतर हातानं घाला. मजकूर युनिकोडमध्ये ठेवा, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर तीच अक्षरं दिसतात. छपाईवाले त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात तेव्हा 'तऱ्हा', 'सुऱ्या', 'ऱ्हास' यांसारख्या शब्दांतला 'ऱ' हमखास फुटतो. प्रुफात ते शब्द वेगळे शोधून तपासा.

पाठवायचं कुठं

पहिलं व्यासपीठ गावातच आहे. हिवाळ्यात कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमानी, निपाणीकडं कारदगा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. शेतकरी ग्रंथदिंडीत चालतात, शाळेची पोरं लेझीम खेळतात आणि दुपारी कथाकथन असतं. महाराष्ट्रात इतकी गावं मिळून असं करताना मी बघितलेली नाहीत. संयोजकांना दोन-तीन महिने आधी भेटा, स्थानिक लेखक म्हणून दहा मिनिटं मागा. हजार माणसांसमोर कथा वाचली की कळतं कुठं पोरं चुळबूळ करतात आणि कुठं मागच्या रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावतात. हे कुठलाही संपादक शिकवत नाही.

मग पेपरांच्या रविवार पुरवण्या आणि दिवाळी अंक. १९०९ साली 'मनोरंजन'नं मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नव्या कथाकाराची ही रीतसर वाट आहे. दिवाळीचं साहित्य पावसाळ्याच्या तोंडाशी गोळा होतं, म्हणून आषाढीच्या आत कथा पोचायला हवी. एका हंगामात एक कथा एकाच अंकाला. सोबत चार ओळींचं पत्र: नाव, गाव, कथेची शब्दसंख्या, ही कथा अन्यत्र पाठवलेली नाही एवढंच. वय लिहू नका, सत्कारांची यादी तर मुळीच नको. उत्तर आलं नाही तर दिवाळीनंतर तीच कथा पुन्हा वाचा, दुरुस्त करा, दुसरीकडं पाठवा. माझी दुसरी कथा चार ठिकाणांहून परत येऊन पाचव्या ठिकाणी छापली गेली, आणि पाचवा खर्डा पहिल्यापेक्षा पाचशे शब्दांनी लहान होता.

पुस्तक

पाच-सहा कथा छापून आल्याशिवाय पुस्तकाचा विचार करू नका. एकसष्टी किंवा पंचाहत्तरीच्या तारखेला पुस्तक बांधू नका. तारीख ठरली की प्रुफं घाईत होतात, आणि आयुष्यात एकदा होणारी गोष्ट चुकांसकट छापली जाते.

हिशेब समजून घ्या. पुस्तक फर्म्यांत छापतात, डेमी आकाराचा एक फर्मा सोळा पानांचा. पानावर अडीचशे ते पावणेतीनशे शब्द बसतात. तीन हजार शब्दांच्या बारा कथा म्हणजे छत्तीस हजार शब्द, साधारण १३५ पानं. शीर्षक, अनुक्रमणिका, मनोगत धरून १४४, म्हणजे बरोबर नऊ फर्मे. १४८ झाली तर चार पानांसाठी वेगळी छपाई लागते, तेव्हा मनोगतच छोटं करा.

माझं पहिलं पुस्तक दुसऱ्या शहरातल्या एका प्रकाशकानं माझ्याच पैशांत काढलं. पाचशे प्रतींचे गठ्ठे घरी आले. उघडून बघतो तर सातव्या कथेची आठ पानं नवव्या कथेत शिरलेली. मी शेवटची डमी, म्हणजे छपाईआधीचा पुस्तकाचा नमुना, पाहिलीच नव्हती. फोनवर "छपाईत होतं असं" एवढंच उत्तर मिळालं, पैसे तर आधीच दिलेले. पन्नास प्रती मी हातानं चिठ्ठ्या लावून वाटल्या, बाकीच्या अजून माळ्यावर आहेत. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो: पैसे तीन टप्प्यांत द्या, शेवटचा टप्पा पुस्तक हातात आल्यावर. छापायला जाण्याआधी बांधलेली डमी मागवा, पानापानावर सही करा, एक प्रत स्वतःकडं ठेवा.

खरा प्रकाशक लेखकाकडून पैसे घेत नाही, मानधन देतो. साधारण छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास. करारात मुदत आणि भूभाग लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, भूभाग लिहिला नसेल तर भारतापुरता. 'सर्व हक्क कायमचे' असं वाक्य दिसलं तर सही करू नका. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून ऑनलाइन आणि मोफत मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना असते. जाहिरात निघाली की रहिवासाची अट सगळ्यात आधी वाचा.

आणि एक गोष्ट, जी आपल्या वयात पुढं ढकलायची नाही. तुमच्या लेखनाचे हक्क तुमच्यानंतर साठ वर्षं टिकतात आणि ते वारसांकडं जातात. घर आणि शेताबरोबर मृत्युपत्रात तेही लिहा: कुणाला, आणि अपुऱ्या कथांचं काय करायचं. माझ्या कथा फोनमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये आणि छापील अशा तीन ठिकाणी आहेत. कुठली फाइल शेवटची, फोनचा पासवर्ड काय, कुठल्या संपादकाकडं काय पडलंय, हे मी नातीला बसवून दाखवलं. तिनं ते एका कागदावर कन्नडमध्ये लिहून घेतलं, कारण तिचा हात तिथं भरभर चालतो, आणि कागद वहीच्या पहिल्या पानाला चिकटवला. दुसऱ्या पानावर नव्या चाळीस दिवसांची पहिली नोंद आहे.